सानपाड्यास गेलेलीं दोन नांवें

गेल्या वर्षीं, म्हणजे २०२५ च्या मार्चअखेरीस, आमच्या जुन्या शाळेंतील बाईंचा आम्हांस दूरध्वनि आला. ही शाळा सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत, सह्याद्रीच्या एका आडवळणी खोऱ्यांत आहे. तेथें आम्हीं अकरा वर्षें शिकविलें. गांवाचें नांव येथें मुद्दाम देत नाहीं. नांव छापल्यानें शाळेचें भलें होण्यापेक्षां तिच्याकडे नको तें लक्ष जाण्याचाच संभव अधिक. बाई म्हणाल्या, "गुरुजी, पाडवा चार दिवसांवर आला. 'गुढीपाडवा, पट वाढवा' असा फलक लावायला सांगितलं आहे. फलक लावतें, पण वाढवायला मुलं कुठून आणूं?"

पट हा शब्द शिक्षकी पेशाबाहेरच्या वाचकांस तितकासा परिचित नसेल. ज्यांचीं नांवें शाळेच्या हजेरींत आहेत त्या मुलांची संख्या म्हणजे पट. आमच्या सगळ्या नोकरींत या दोन अक्षरांनीं जितकी झोंप उडविली तितकी दुसऱ्या कशानेंहि उडविली नाहीं. पटावर शिक्षकांच्या जागा, पटावर खोल्या, पटावर खिचडीचे तांदूळ; आणि पट फारच उतरला, तर शाळा राहते कीं जाते हाच प्रश्न.

बाईंच्या शाळेचा पट त्या वेळीं नऊ होता. चौथींतलीं दोन मुलें जूनमध्यें पांचवीसाठीं खालच्या गांवीं जाणार होतीं, आणि पहिलींत बसण्याजोगें मूल गांवांत एकहि नव्हतें. म्हणजे राहिलीं सात. मात्र गांवांतील एका म्हातारीचीं दोन नातवंडें सानपाड्यास होतीं. मुलगा दुसरींत शिकणारा, मुलगी येत्या जूनमध्यें पहिलींत जाणारी. मुलें आपल्याजवळ ठेवावीं असा म्हातारीचा फार दिवसांचा हट्ट होता. बाई पुढें म्हणाल्या, "त्यांचा बाप तुमचाच विद्यार्थी. तुमचा शब्द तो मोडायचा नाहीं. एकदां जाऊन बोला."

सानपाड्यासच आमचा धाकटा पुतण्या राहतो, व सूनबाई कित्येक दिवस बोलावीत होत्या. तेव्हां एका प्रवासांत दोन कामें होतील असा विचार करून आम्ही निघालों.

कऱ्हाडास आम्ही एस. टी. मध्यें बसलों. गाडींत पाटणकडचीं माणसें पुष्कळ होतीं. कोणाच्या पायापाशीं तांदळाचें पोतें, कोणाच्या मांडीवर आईनें बांधून दिलेलीं भाकरींचीं फडकीं. घाट उतरून गाडी पनवेलकडे आली आणि मग तीं माणसें ठिकठिकाणीं उतरूं लागलीं; कोणी कळंबोलीस, कोणी खारघरास, कोणी नेरूळास. कऱ्हाडास एका रांगेंत चढलेलें गांव आमच्या डोळ्यांदेखत शीव-पनवेल रस्त्यावर मूठमूठ पेरलें गेलें. सानपाड्यास उतरलों तेव्हां गाडी जवळजवळ रिकामी होती.

सानपाड्याचें प्रथमदर्शन मोठें व्यवस्थित आहे. रस्ते आंखलेले, विभागांस आंकडे, इमारतींस आंकडे. पत्ता सांगावयाचा तर गणिताच्या उत्तरासारखा. एका अंगास वाशी, दुसऱ्या अंगास जुईनगर, पलीकडे तुर्भे, आणि पश्चिमेस खाडी. मुंबईहून खाडी ओलांडून वाशीपर्यंत आगगाडी १९९२ सालीं आली व पुढें ती सानपाड्यावरून बेलापुराकडे गेली. येथील स्थानकावर आतां ठाण्याकडून येणाऱ्या गाड्याहि थांबतात. सायंकाळीं स्थानकाच्या पायऱ्यांवर उभें राहिलें असतां वाटतें, हें नगर आकाशांतून कोणीं अलगद ठेवून दिलें असावें.

परंतु तसें नाहीं. या जागीं आगरी व कोळी लोकांचीं भातखाचरें आणि मिठागरें होतीं. मिठागरास येथें आगर म्हणतात, आणि आगरी हें नांव त्यावरूनच आलें. शासनानें १९७० सालीं सिडको स्थापन केली आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादन करण्यास आरंभ झाला. मोबदल्याचा प्रश्न इतका पेटला कीं जानेवारी १९८४ मध्यें जासई व दास्तान फाटा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच माणसें मृत्यु पावलीं. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील होते. पुढें जमीनधारकांस संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचें धोरण ठरलें. म्हणून 'साडेबारा टक्के' हे शब्द येथें लहान मुलासहि पाठ असतात. हाच साडेबाराचा आंकडा त्या रात्रीं आम्हांस निराळ्याच संदर्भांत भेटावयाचा होता.

रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्यास आम्हीं येण्याचें कारण सांगितलें. तो मोठा हिशेबी आहे. म्हणाला, "काका, सात मुलांना दोन शिक्षक! हें परवडतं का? आणि परवडण्याचं सोडा. सात मुलांत खोखोचा एक संघसुद्धां होत नाहीं. एका वर्गांत एकच मूल, त्यानं स्पर्धा कोणाशीं करावी, भांडण कोणाशीं करावं? चार गांवांची मिळून एक चांगली शाळा केली तर काय बिघडलं?"

त्याचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. शिक्षण खात्यानेंहि हाच विचार केला आहे. दहांपेक्षां कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय २०१७ च्या अखेरीस झाला होता. पुढें २०२३ सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळांची मोजणी झाली. त्या भरल्या १४,७८३. त्यांत मुलें १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढाव्या असें सुचविण्यांत आलें, व त्यासाठीं पुणें जिल्ह्यांतील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ यांचे दाखले दिले गेले. आम्हीं तेथेंच बसून भागाकार केला. शाळेमागें शिक्षक दोन आणि मुलें साडेबारा! या साडेबारा मुलांचा भूखंड कोणाच्या नांवें लागावा, हें मात्र ठरावयाचें आहे.

हें केवळ आपल्याकडेच घडतें असेंहि नाहीं. जपानांत मुलांचा जन्मच कमी होऊन खेड्यांतील शाळा वर्षानुवर्षें बंद पडत आहेत. परंतु तेथें मूल जन्मास येत नाहीं. येथें तें जन्मास येतें आणि स्थलांतर करतें. हा भेद लहान नव्हे.

आम्हीं पुतण्यास उत्तर दिलें तें असें. बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला. त्याखालील नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत हवी, आणि साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन हवेत. कायदा करणारांस पट लहान असूं शकतो हें ठाऊक होतें. म्हणूनच त्यांनीं आधीं अंतर मोजलें. आणि डोंगरांत किलोमीटर हा सगळीकडे सारखा नसतो. मध्यें ओढा असतो, रान असतें, जलाशय असतो. आमच्याच जिल्ह्यांत, जावळी तालुक्यांतील खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयांतून स्वतः होडी वल्हवीत शाळेस जात. वर्तमानपत्रांतून तें प्रसिद्ध झाल्यावर जानेवारी २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें स्वतः होऊन त्याची दखल घेतली. शाळा दूर गेली म्हणजे मुलगे रडतकढत जातात. मुली घरीं राहतात. हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं, हजेरी घेऊन घेऊन शिकलों आहों. वाशीम जिल्ह्यांतील गणेशपूर येथें २०२३ सालीं एकाच मुलासाठीं शाळा भरत होती. त्या वार्तेस पुष्कळ जण हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. त्या एका मुलास दुसरी शाळा नव्हती.

सूनबाई आंतून ऐकत होत्या. त्यांनीं सहज विचारलें, "पण काका, आपल्या गांवच्या शाळेंत आतां आपल्यापैकीं कोणी आहे का?"

या साध्या प्रश्नानें आमचें वक्तृत्व आटोपलें. त्या खोऱ्यांतील शाळेंत रुजू झालों तेव्हां जुनें दाखल-खारीज पुस्तक आम्हीं कौतुकानें चाळलें होतें. आरंभींच्या पानांवर जोशी-कुलकर्ण्यांच्या घरांतील मुलांचीं नांवें होतीं. पुढें तीं एकेक गळत गेलीं. कोणी पुण्यास शिक्षणासाठीं, कोणी मुंबईस नोकरीसाठीं, कोणी १९४८ च्या जळितानंतर. आमच्या स्वतःच्या गांवींहि तेंच झालें. आमचीं मुलें कऱ्हाडास शिकलीं, आमच्या पुतण्याची मुलगी सानपाड्यास इंग्रजी शाळेंत जाते. लहान शाळांचा पट उतरला म्हणून हळहळणाऱ्या आपल्यासारख्या सुशिक्षित घरांनीं एवढें तरी ध्यानीं ठेवावें, कीं त्या पटावरून सर्वांच्या आधीं कमी झालेलीं नांवें आपलीं होतीं. तेव्हां कोणीं आपणांस शाळेसाठीं थांबा म्हटलें नव्हतें. आणि म्हटलें असतें तरी आपण थांबलों नसतों.

दुसऱ्या दिवशीं चार वाजतां आम्ही विद्यार्थ्याकडे निघालों. तो राहतो तें जुन्या सानपाडा गांवांत. आंखीव नगराच्या पोटांत हें एक न आंखलेलें गांव तसेंच उरलें आहे. गल्ल्या अरुंद व वळणावळणाच्या, वाऱ्यासरशी मासळीचा वास, आणि जुन्या बैठ्या घरांच्या जागीं तीनतीन चारचार मजले. जमीन गेल्यावर शेती उरली नाहीं. तेव्हां पुष्कळ घरमालकांनीं खोल्या चढवून त्या भाड्यानें दिल्या आहेत. अशाच एका खोलींत आमचा विद्यार्थी राहत होता. तो अजून कामावरून उठला नव्हता, म्हणून त्याच्या घरमालकांनीं आम्हांस ओट्यावर बसविलें. सत्तरी उलटलेले ते आगरी गृहस्थ. आम्ही शिक्षक म्हणून कळतांच त्यांनीं आपल्या लहानपणची गोष्ट काढली. भाताची लावणी आली कीं निम्मी शाळा खाचरांत, मिठाचा हंगाम आला कीं थोरलीं मुलें आगरावर. मास्तर घरोघर फिरून मुलें गोळा करीत, आणि साहेब तपासणीस येणार असला म्हणजे ज्यांचीं नांवें कधींच घातलीं नव्हतीं तींहि मुलें आणून बसवीत. म्हणजे पटाची विवंचना या गांवासहि एके काळीं होतीच. त्या वेळीं तें जिल्हा परिषदेच्या हद्दींतील एक खेडें होतें. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ च्या जानेवारींत अस्तित्वांत आली आणि मग शाळांचाहि कारभार तिच्याकडे गेला. आतां गृहस्थांचीं स्वतःचीं नातवंडें इंग्रजी शाळेंत, आणि त्यांच्या भाडेकऱ्यांचीं मुलें महानगरपालिकेच्या शाळेंत जातात. "आमची शाळा आमच्या भाडोत्र्यांनीं भरली," असें सांगून ते हंसले.

इतक्यांत विद्यार्थी खालीं आला व भर गल्लींत वांकून नमस्कार करता झाला. तो तुर्भ्याच्या बाजारांत माथाडी आहे. मुंबईंतील घाऊक बाजार १९८१ पासून १९९६ पर्यंत एकेक करून इकडे आले आणि त्यांच्यामागें माथाडीहि आले. या कामगारांत सातारा जिल्ह्याचे लोक फार. माथाडींस कायद्याचें संरक्षण १९६९ सालीं मिळालें तें ज्यांच्या चळवळीमुळें, ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यांतलेच. विद्यार्थ्याचें काम मध्यरात्रीं भाजीच्या गाड्या आल्या म्हणजे सुरू होतें, आणि ऊन वर आल्यावर तो घरीं येऊन निजतो. मुलांचा बाप आणि मुलें एकाच खोलींत राहूनहि दिवसाकाठीं दोन तास एकमेकांस दिसतात.

मुलगा चुणचुणीत होता. आम्हीं जुन्या संवयीनें विचारलें, "बाळ, तुझ्या वर्गांत कोणकोण आहे?" त्यानें बांकांच्या क्रमानें सांगावयास आरंभ केला. पहिल्या बांकावर सोलापूरकडचा, त्याचे वडील रिक्षा चालवितात. त्याच्या शेजारीं जालन्याची मुलगी, तिचे आईवडील बांधकामावर. इमारत पुरी झाली कीं ती शाळा सोडणार. मागें कर्नाटकांतून आलेले दोघे भाऊ, घरीं कानडी बोलतात आणि शाळेंत मराठी. खिडकीशीं बसणारी मुलगी लमाणांची, तिचे वडील तुर्भ्याला दगडाच्या खाणींत होते. एकाची आई चार घरचीं भांडीं करते. "आणि इथला, सानपाड्याचा कोण?" त्यानें थोडा विचार केला व म्हणाला, "इथला कोण न्हाय. सगळी गावाकडची."

आमच्या डोळ्यांपुढें एकदम महाराष्ट्राचा नकाशा उभा राहिला. या एका वर्गांतील प्रत्येक मूल म्हणजे कोठल्यातरी लहान शाळेच्या हजेरींतील एक रिकामी ओळ. तेथील पट उतरला, तो येथें चढला. संस्कृत शिकतांना आमच्या गुरूंनीं लोप शब्दाचा अर्थ फार बजावून सांगितला होता. व्याकरणांत लोप म्हणजे नाश नव्हे. लोप म्हणजे जें असावयास हवें तें न दिसणें. आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्यामुळें होणारें कार्य राहतें. चाळीस वर्षें हा नियम आम्ही रूपें चालवितांना लावीत आलों; मुलांच्या नांवांस तो त्या दिवशीं प्रथम लागला.

चहा झाला. आतां मुद्द्याचें बोलणें भाग होतें. आम्हीं बाईंचा निरोप सांगितला, म्हातारीचें एकटेपण सांगितलें, सात आणि नऊ यांतील अंतर सांगितलें. विद्यार्थी मान खालीं घालून ऐकत होता. शेवटीं म्हणाला, "गुरुजी, आईची काळजी मलाबी हाय. तुम्ही म्हणाल तसं करतो."

तोंवर दाराआड उभी असलेली त्याची बायको पुढें आली. पदर सांवरून, पण स्पष्टपणें तिनें विचारलें, "गुरुजी, रागावू नका. शाळंला पोरं पायजेत म्हणून पोरं न्यायाची व्हय? पोरांना शाळा पायजे म्हणून नेत असाल तर सांगा, उद्या धाडते."

या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वीं आम्ही बराच वेळ गप्प बसलों. चौथीपर्यंत बाई त्या मुलांस उत्तम शिकवितील याविषयीं आम्हांस शंका नव्हती. सात मुलांत एका मुलाकडे जितकें लक्ष देतां येतें तितकें भरलेल्या वर्गांत देतां येत नाहीं. पण चौथीनंतर काय? पुन्हां खालचें गांव, पुन्हां स्थलांतर. आणि सहा वर्षांची पोर आईपासून दूर. आम्हीं उठतांना एवढेंच म्हटलें, "शाळेसाठीं नको. म्हातारीसाठीं आणि मुलांसाठीं तुम्हां दोघांस योग्य वाटेल तें करा. आमचा शब्द म्हणून कांहींच करूं नका." विद्यार्थ्याच्या बायकोचा चेहरा उजळला. ज्या कामासाठीं आलों तें आम्हीं स्वतःच मोडलें होतें.

विद्यार्थी स्थानकापर्यंत पोंचविण्यास आला. वाटेंत म्हणाला, "गुरुजी, एक काम व्हतं. पोराचा जातीचा दाखला काढायचाय. माझ्या वडिलांचं नाव शाळंच्या पुस्तकात असंल, त्याची नक्कल पायजे." थोडें चालून पुन्हां म्हणाला, "आन् शाळा बंद झाली, तर ते पुस्तक कुठं जातं?"

शाळा मिळविली तर पुस्तकहि दुसऱ्या शाळेकडे जातें, हें आम्हीं त्यास सांगितलें. परंतु त्याचा प्रश्न तेवढाच नव्हता. ज्या शाळेस आपलें मूल देतां येत नाहीं, ती तेथें असावी असें त्यास मनापासून वाटत होतें. कोणी याला स्वार्थ म्हणेल. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. कारण आमचीहि भावना नेमकी तीच आहे.

रात्रीं बाईंस दूरध्वनि करून सर्व सांगितलें. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंत, गुरुजी. मला सांगवलं नसतं. सात तर सात. सातांची शाळा ही शाळाच असते."

पाडव्यानंतर आम्ही त्या गांवीं गेलों. फलक लावलेला होता. बाईंनीं कपाटांतून तें जुनें दाखल-खारीज पुस्तक काढलें. विद्यार्थ्याच्या वडिलांची नोंद १९५६ सालची निघाली. नांव, जन्मतारीख, जात, इयत्ता, सर्व सुवाच्य मोडणीच्या बाळबोध अक्षरांत. शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याचें कारण लिहिलें होतें: मुंबईस गेला.

नक्कल उतरून घेत असतां बाहेर ओसरीवर सातवा मुलगा पाढे म्हणत होता; इतर सहा जण त्याच्या मागून म्हणत होते. जून उजाडला, शाळा उघडली, आणि पट सातच राहिला. सानपाड्याची मुलगी सानपाड्यासच पहिलींत बसली. आम्ही आतां महिन्यांतून दोन शनिवार त्या शाळेंत जाऊन मुलांस कविता व श्लोक म्हणावयास शिकवितों. त्यानें पट वाढत नाहीं. पण हजेरी घेतांना बाई सात नांवें वाचतात, आणि सातहि वेळां "हजर" असें उत्तर येतें.